उणे चाळीसमध्ये गॅस भरताना

कॅलगरी, ६ ऑगस्ट

चि. बाळ,



तुझं एडमंटनचं नक्की झालं, सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात तू रुजू होणार, हे ताईकडून कळलं आणि फार आनंद झाला. ट्रकांसाठी सीएनजी स्टेशनं उभारणारी आणि सांभाळणारी कंपनी, म्हणजे तुझ्याच वाटेचं काम. पुण्यात तू कॅस्केड, बूस्टर, डिस्पेन्सर सगळं हाताळलंयस, मध्यरात्रीच्या रिक्षांच्या रांगा निपटल्यास, तेव्हा तुला ओनामा गिरवायला लावायचा नाही. पण तुझी सगळी सवय उकाड्याची आहे. तिथे तक्रार ठरलेली असते: गाडी तापली, गॅस तापला, किलो कमी बसले. इथे तेच प्रश्न उलटे होऊन समोर येतात, आणि उकाड्यात बरोबर असलेला हिशेब थंडीत धोक्याचा ठरू शकतो. फोनवर बोलू म्हणतेस, बोलूच. पण फोनवरचं विरून जातं. जवळ ठेवावं आणि लागेल तेव्हा पुन्हा काढून वाचावं, म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की कर. इथल्या स्टेशनचा हिवाळा सप्टेंबरातच पार पडलेला असतो. तुझी पणजी मे महिन्यातच घर शाकारून घ्यायची, लाकूडफाटा माळ्यावर चढवायची. मृगाची सर आल्यावर छपरावर चढणाऱ्याला ती वेड्यात काढायची. तुला तिच्यासारखं वागायचं आहे. जानेवारीत, पहाटे पाचला, उणे अडतीसमध्ये तू जे काही दुरुस्त करशील ते फार तर मलमपट्टी असेल. खरं काम झाडांची पानं पिवळी पडायच्या आत उरकावं लागतं.

गॅसला थंडीची भीती नाही, हे मात्र मनापासून मान. मिथेन उणे १६१ अंशांपर्यंत वायूच राहतो. डिझेलमधलं मेण थंडीत साकळतं आणि फिल्टर तुंबतो. प्रोपेन उणे ४२ च्या आसपास उकळतं, म्हणून त्या थंडीत टाकीतून त्याची वाफच सुटेनाशी होते. मिथेनला यातलं काही नाही. सायबेरियातल्या याकुत्स्कमध्ये जानेवारीत उणे चाळीस ही रोजचीच हवा, आणि तिथे शहरातल्या बसगाड्या सीएनजीवर धावतात. चीनच्या उरुम्चीत टॅक्सी धावतात. आमच्या कॅलगरीत २०१९ साली स्टोनी डेपो सुरू झाला. ४०० हून अधिक बस छपराखाली उभ्या राहतात आणि गॅसही छपराखालीच भरतात. तेव्हा कोणी ड्रायव्हर ‘थंडीत गॅस चालत नाही’ म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नकोस, पण स्वतः ते खरं धरू नकोस. अडवतं ते गॅसबरोबर आलेलं पाणी, कॉम्प्रेसरचं तेल, रबर, पोलाद, आणि माणसाची घाई.

यातलं पाणी सर्वांत वाईट.

तू म्हणशील, पाइपलाइनचा गॅस कोरडाच असतो. असतो, पण कशाच्या मानाने? आपल्याकडे पाइपलाइनच्या गॅसमध्ये दर घनमीटरला ११२ मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालतं, कॅनडात साधारण ६५. ऐकायला हा आकडा नगण्य वाटतो. आता हिशेब कर. दिवसाला दहा हजार घनमीटर गॅस दाबणारं मध्यम स्टेशन घे. मर्यादेइतकं पाणी आलं तर रोज साडेसहाशे ग्रॅम पाणी तुझ्या यंत्रात शिरतं. महिन्याला जवळपास वीस लिटर. ते कुठेतरी जाणारच. शिवाय पाइपलाइनच्या दाबाला जो गॅस कोरडा असतो तोच २५० बारला दाबला की तेवढंच पाणी फार लहान जागेत कोंबलं जातं आणि दवबिंदू, म्हणजे पाणी सुटू लागण्याचं तापमान, वर चढतो. म्हणजे पाइपात कोरडा असलेला गॅस सिलिंडरमध्ये ओला ठरतो. गॅस कंपनीचं प्रमाणपत्र दाखवून कोणी ‘ड्रायरची गरज नाही’ म्हणालं, तर हा हिशेब त्याच्यापुढे कागदावर मांड.

आणि ते पाणी नुसतं गोठत नाही. जास्त दाबाखाली पाणी आणि मिथेन एकत्र येऊन हायड्रेट तयार होतं, दिसायला बर्फच, पण शून्याच्या वरही टिकणारं. २५० बारला तर ते खोलीच्या तापमानालाही बनू शकतं. १९३४ साली हॅमरश्मिट या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने दाखवलं की गॅसच्या पाइपलाइनी हिवाळ्यात तुंबतात त्या साध्या बर्फाने नव्हे तर या हायड्रेटने. तुझ्या स्टेशनवर तो गोळा कुठे बसेल? जिथे दाब एकदम उतरतो तिथे: डिस्पेन्सरच्या व्हॉल्व्हमध्ये, नोझलच्या तोंडाशी, गाडीच्या रेग्युलेटरमध्ये. दाब उतरला की गॅस स्वतःच थंड होतो, साधारण दर बारला अर्धा अंश. साठ्याच्या सिलिंडरांचा कॅस्केड रात्रभर उणे पस्तीसमध्ये उभा आहे, ट्रकची टाकी रिकामी आहे, तर भरायला सुरुवात केल्यावर पहिल्या काही क्षणांत होजमधून जाणारा गॅस बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त थंड असतो. हवामान खात्याचा आकडा पाहून सुटे भाग निवडणारे इथेच फसतात.

म्हणून ड्रायर हे तुझं पहिलं दैवत. मोलेक्युलर सीव्हचे ते बारीक दाणे पाणी धरून ठेवतात, भरले की त्यांना तापवून पाणी हाकलावं लागतं. दोन टॉवरचा ड्रायर असेल तर एक वाळवतो तेव्हा दुसरा तापतो. एकाच टॉवरचा असेल तर स्टेशन थांबवून रिजनरेशन करावं लागतं, आणि गाड्यांची घाई असली की नेमकं तेच पुढे ढकललं जातं. तू ढकलू देऊ नकोस. रिजनरेशन झालं की खाली किती पाणी निघालं ते मोजून वहीत लिही. वरचा हिशेब हाताशी आहेच. बारा दिवसांत सात-आठ लिटर यायला हवं होतं आणि भांड्यात वाटीभरच आलं, तर तीनच शक्यता: येणारा गॅस खरोखर फार कोरडा आहे, हीटर नीट तापत नाही, किंवा एखादा व्हॉल्व्ह पुरता मिटत नसल्यामुळे ओला गॅस ड्रायरला वळसा घालून पुढे जातो आहे. पहिली शक्यता गॅस तपासून मगच धर. एका डेपोत पॅनेलवर सगळे दिवे हिरवे होते, दवबिंदूचं मीटरही छान आकडा दाखवत होतं, आणि वहीत मात्र पाण्याच्या रकान्यात आठवड्यांमागून आठवडे घोटभर पाणी. ती वही पाहूनच हीटरचं एक एलिमेंट जळाल्याचं ध्यानात आलं. मीटर कित्येक वर्षांत कॅलिब्रेट झालेलं नव्हतं.

दवबिंदू किती हवा, याला एसएई जे१६१६ या मानकात नियम आहे: त्या गावाचं हिवाळ्यातलं जे डिझाइन तापमान असेल त्याच्याही ५.६ अंश खाली, आणि तो दवबिंदू सिलिंडरच्या सर्वाधिक दाबाला धरायचा. गावाचं तापमान उणे ३५ असेल तर दवबिंदू उणे ४० च्याही खाली हवा. यात ‘कोणत्या दाबाला’ हे विसरू नकोस. मीटर बहुतेक वेळा कमी दाबाला मोजतं आणि तो आकडा फार देखणा दिसतो. तोच २५० बारला रूपांतरित केला की कितीतरी वर सरकतो. कोणी तुला दवबिंदूचा आकडा सांगितला की लगेच विचार, दाब काय होता? उत्तर आलं नाही तर तो आकडा आपल्या कामाचा नाही.

आता दाबाकडे वळू. पुण्यात तू २०० बारचं गणित करत होतीस, १५ अंशांना. उत्तर अमेरिकेत टाक्या ३६०० पीएसआयच्या, म्हणजे सुमारे २४८ बार, २१ अंशांना. हे ‘२१ अंशांना’ फार जपून वाच. तेवढाच गॅस, तेवढेच किलो, टाकीसकट उणे ४० ला नेला तर दाब जवळपास निम्म्यावर येतो. साध्या वायुनियमाने काढशील तर पाचव्या भागाइतकीच घट दिसेल. पण एवढ्या दाबाला आणि थंडीला मिथेन तो साधा नियम पाळत नाही, रेणू एकमेकांना ओढून धरतात आणि दाब आणखी उतरतो. म्हणून कडाक्याच्या सकाळी टाकी पूर्ण भरलेली असूनही गेज अर्ध्यावर दिसेल, आणि नवा ड्रायव्हर तावातावाने येईल की मला अर्धाच गॅस दिला. त्याच्यावर चिडू नकोस. त्याला किलोचा आकडा दाखव. ट्रक किलोवर चालतो, गेजवर नाही, हे एकदा समजलं की तो दुसऱ्यांदा येत नाही.

पण त्याच्या आग्रहापायी डिस्पेन्सरची तापमान-भरपाई बंद करून ‘वर चढव’ असं कधीही करू नकोस, कोणी वरिष्ठ म्हणाले तरी. उणे ३५ ला ठासून ३६०० पर्यंत भरलेली टाकी घेऊन ट्रक ऊबदार गॅरेजमध्ये शिरला, की रात्रीत दाब टाकीच्या मर्यादेबाहेर जाईल. टाकीवरची सुरक्षा-कळ बहुधा उष्णतेने वितळणारी असते, आगीसाठी बनवलेली. नुसता दाब वाढला म्हणून ती उघडेलच असं धरून चालता येत नाही. इथे कॅलगरीकडे आणखी एक संकट आहे, चिनूक. रॉकी पर्वतावरून उतरणारा हा कोरडा गरम वारा काही तासांत तापमान वीस अंशांनी वर नेतो. सकाळी उणे वीसमध्ये भरलेला ट्रक दुपारी शून्याच्या वर उभा असतो. एडमंटनला चिनूक क्वचित पोचतो, पण तुझी फेरी दक्षिणेला लेथब्रिजकडे झाली तर हे लक्षात असू दे.

आणखी एक बारकावा. डिस्पेन्सरला टाकीतलं तापमान कळत नाही, बाहेरच्या हवेचं कळतं. ऊबदार शेडमधून नुकत्याच निघालेल्या ट्रकला तो कमी भरेल. त्यात धोका नाही, फक्त ग्राहक कुरकुरेल. रात्रभर बाहेर उणे अडतीसमध्ये थिजलेला ट्रक दुपारी उणे पंधरामध्ये आला, तर डिस्पेन्सर त्याला पंधराचा समजून भरेल. झटपट भरताना टाकीतला गॅस दाबला जाऊन तीसेक अंशांनी तापतो, त्यामुळे किलो बेताचेच बसतात आणि बहुधा निभावतं. पण निभावतं कशामुळे हे तुला ठाऊक असलं पाहिजे, कारण संथ भरण्यात ही ऊब मिळत नाही. रात्रभर ओळीने लावलेल्या ट्रकांना हळूहळू भरायची जी पद्धत इथे आहे तिच्यात गॅस आणि हवा एकाच तापमानाला येतात, आणि तिथली नियंत्रणाची सेटिंग वेगळीच हवी. मला विचारशील तर थंड प्रदेशात जिथे ताफा रात्री घरी येतो तिथे संथ भरणंच उत्तम. टाकी पुरती भरते, यंत्रावर ताण कमी, आणि पहाटे कोणाला नोझलशी झुंजावं लागत नाही.

आता नोझलचंच सांगते, कारण पहिल्या हिवाळ्यात तुझा सर्वांत जास्त वेळ तिथेच जाणार आहे. ट्रक महामार्गावरून येतो, मीठ घातलेल्या रस्त्यावरचा ओला चिखल-बर्फ बाजूने उडालेला असतो. गाडीच्या तोंडावरची रबरी टोपी कधीच हरवलेली असते. ड्रायव्हर कुडकुडत असतो, तो हातमोज्यानेच वरवर पुसतो आणि नोझल ठोकून बसवतो. तोंडातला तो ओला बर्फ आत ढकलला जाऊन सीलच्या कडेला बसतो. मग उणे साठ-सत्तरचा गॅस त्यातून जाऊ लागतो. तीन-चार मिनिटांत नोझल पांढरी होते, आतलं पाणी दगड होतं. भरून झाल्यावर ड्रायव्हर दांडा फिरवतो, तो अर्ध्यावर अडतो. इथे थांब. नोझल काढण्याआधी तिच्या आणि गाडीच्या मध्ये अडकलेला गॅस लहानशा वाटेने बाहेर सुटायला हवा, आणि ती वाट बर्फाने बुजलेली असू शकते. म्हणजे तुझ्या हातात पूर्ण दाबाचा अडकलेला गॅस आहे. हातोडी नाही, पाना लावून हिसका नाही, ड्रायव्हरने आणलेलं चहाचं उकळतं पाणी तर मुळीच नाही. ते पाणी दोन मिनिटांत गोठून आणखी घट्ट बसेल. ज्योत तिथे येताच कामा नये, हे सांगायला नको. होजकडचा व्हॉल्व्ह बंद कर, माणसांना बाजूला घे, आणि नोझल हळूहळू गरम हवेने किंवा कोरड्या नायट्रोजनने सैल होऊ दे. दहा मिनिटं गेली तर जाऊ देत.

त्यापेक्षा ही वेळच येऊ नये असं कर. प्रत्येक डिस्पेन्सरशेजारी कोरड्या हवेची नळी लावून घे आणि ‘आधी फुंक, मग लाव’ ही सवय ड्रायव्हरांना जडव. टोप्यांचं खोकं नेहमी हाताशी ठेव आणि फुकट वाट. त्यांना पैसे किती पडतात? नोझल जागेवर टांगली की तिचं तोंड खाली किंवा झाकणात राहील असं बघ. होज थंडीत वाकत नाही, तो ओढताना डिस्पेन्सरची मान वळते. स्प्रिंगचा आधार सैल झाला असेल तर सप्टेंबरातच बदल. गाडी होजसकट निघून गेली तर सुटावा म्हणून जो ब्रेकअवे असतो त्याच्या खोबणीत बर्फ साचून तो सुटेनासा होतो, तोही फेरीत तपास.

ओ-रिंगच्या बाबतीत भांडारातल्या माणसाच्या शब्दावर राहू नकोस. साध्या फ्लोरोकार्बन रबराची, ज्याला सगळे व्हायटॉन म्हणतात त्याची, रिंग पुण्यात उत्तम चालते. उणे वीसच्या आसपास ती ताठ होऊ लागते आणि तिची पुन्हा फुगून जागा भरायची ताकद जाते. थंडीसाठीचं खास नायट्राइल किंवा कमी तापमानाचे इतर प्रकार मागव, पाकिटावरचा तापमानाचा पट्टा वाच, आणि उरलेल्या जुन्या रिंगा त्याच खणात ठेवू नकोस. काळी रिंग काळ्या रिंगेसारखीच दिसते.

पोलादाचं तसंच. १९४३ च्या जानेवारीत अमेरिकेच्या पोर्टलँड बंदरात शेनेक्टडी नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्याला बांधलेलं असताना मोठा आवाज करून मधोमध चिरलं. वादळ नाही, टक्कर नाही. युद्धकाळात अशी जहाजं चिरण्यामागचं कारण शोधायला केंब्रिजची एक धातुशास्त्रज्ञ बसली, कॉन्स्टन्स टिपर. लोक वेल्डिंगला दोष देत होते. तिने दाखवलं की दोष पोलादातच आहे, ठरावीक तापमानाच्या खाली ते लवचीकपणा सोडून ठिसूळ होतं. त्या काळात एका बाईने हे पुरुषांच्या कारखान्यांना ठामपणे सांगितलं, म्हणून तिचं नाव तुला ठाऊक असावं असं मला वाटतं. तुझ्या स्टेशनवर जास्त दाबाच्या नळ्या ३१६ स्टेनलेसच्या असतात, त्या या बाबतीत भल्या. लक्ष ठेवायचं ते साध्या कार्बन पोलादावर: सक्शनची पाइप, रिलीफचा हेडर, आधाराचे ब्रॅकेट. साध्या पोलादाची रूढ मर्यादा उणे २९ धरतात. एडमंटनला पारा त्याखाली उतरतो, तेव्हा ए-३३३ ग्रेड ६ चा पाइप लागतो, ज्याची आघात-चाचणी उणे ४५ ला घेतलेली असते. दुरुस्तीच्या गडबडीत कोणी हाताला लागेल तो तुकडा जोडतो, रंग दिला की दोन्ही सारखेच. पाइपवरचा शिक्का वाच, शिक्का नसेल तर लावू देऊ नकोस.

आणि इथे प्रत्येक दाबाच्या भागाला सीआरएन म्हणजे कॅनडाचा नोंदणी क्रमांक लागतो. अल्बर्टात ते काम आब्सा ही संस्था बघते. पुण्याहून किंवा अमेरिकेतून आणलेला उत्तम व्हॉल्व्हसुद्धा त्या क्रमांकाशिवाय बसवता येत नाही. म्हणून सुटे भाग महिना-दोन महिने आधीच मागव.

कॉम्प्रेसरच्या खोलीबद्दल थोडक्यात. तेल थंडीत घट्ट होतं, म्हणून क्रँककेसचा हीटर चालू असल्याशिवाय आणि तेलाचं तापमान पाहिल्याशिवाय यंत्र सुरू करू नकोस. वीज गेली होती आणि नुकतीच आली, अशा वेळी सगळे घाईत असतात, तेव्हा विशेष. टप्प्यांमधले कूलर उकाड्यात कितीही गार झाले तरी चांगलंच. इथे ते गॅस नको इतका गार करतात, जड हायड्रोकार्बन त्यातच द्रव होतात. झडपा अर्ध्या मिटवून गरम हवा आतच फिरती ठेवायची असते. कोअलेसिंग फिल्टरचे ड्रेन रोज उघड आणि काय आलं ते बघ: तेल जास्त येत असेल तर कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्यात, आणि जे आलं नाही ते ग्राहकाच्या रेग्युलेटरमध्ये जाऊन बसलं आहे.

खोलीच्या हवेच्या वाटा मात्र बंद होऊ देऊ नकोस. मिथेन हवेपेक्षा हलका, छपराशी साचतो, आणि हवेत पाच ते पंधरा टक्के झाला की ठिणगीची वाट बघतो. हिवाळ्यात गार झुळूक येते म्हणून वरच्या जाळीवर कोणीतरी प्लायवूड ठोकतं. एका ठिकाणी मी ते स्वतः काढलंय. काम करणाऱ्यांना खोटं ठरवू नकोस, थंडी खरीच असते. त्यांना चांगला स्फोटरोधक हीटर मागवून दे आणि जाळी उघडी ठेव. बाहेरच्या बाजूने बर्फाचे ढीग कुठे लोटतात तेही बघ. नांगर चालवणारा माणूस जाळीसमोरच ढीग घालतो, त्याला जागा दाखवून ठेवावी लागते. रिलीफच्या उभ्या नळीवर टोपी आहे ना, आत बर्फ साठला नाही ना, हे प्रत्येक हिमवादळानंतर पाहायचं.

गळती शोधायला आपण साबणाचं पाणी वापरतो. इथे ते फासता फासता गोठतं. थंडीसाठीचं वेगळं द्रावण मिळतं, त्याच्या बाटल्या गाडीत ठेव. पहिल्या कडाक्याच्या रात्रीनंतर सगळ्या जोडण्यांवरून एकदा फिरायचंच, कारण धातू आखडतो आणि उन्हाळ्यात घट्ट असलेली फिटिंग तेव्हाच बोलू लागते. नाकावर विसंबून राहू नकोस. गारठलेल्या नाकाला वास येत नाही. हातातला डिटेक्टर काढ.

आता तुझं स्वतःचं. डिसेंबरात एडमंटनला साडेसात तासांचाच उजेड असतो, बरंचसं काम अंधारात होतं. वाऱ्यासकट तापमान उणे चाळीसच्या खाली भासत असेल तर उघड्या कातडीला पाच-दहा मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. गाल पांढरे पडले की स्वतःला दिसत नाहीत, म्हणून एकटीने बाहेर काम घेऊ नकोस. एकमेकांचा चेहरा बघायला माणूस हवंच. कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज फार साठते. आतून ते स्वस्त पॉलिस्टरचं फ्लीस घालू नकोस. लोकर किंवा सुती, वरून कंपनीचा ज्वालारोधक पार्का, आणि नोझलला हात लावण्याआधी उघड्या धातूच्या भूजोडाला स्पर्श. पार्का डिस्पेन्सरजवळ काढायचा किंवा चढवायचा नाही. बूट एक माप मोठे घे, आत दोन मोजे मावले पाहिजेत. ताई हातमोजे विणून देते म्हणतेय ते घरी वापर, कामावर नको.

लोक तुला घाई करतील. पहाटे वीस ट्रक रांगेत असतात, डिस्पॅचरचा फोन वाजत असतो, आणि नव्या मुलीने ‘थांबा, नोझल फुंकल्याशिवाय लावायची नाही’ म्हटलं की कोणाच्या तरी कपाळाला आठी पडते. पडू दे. तू पुण्यात रांगेतल्या रिक्षावाल्यांना सिलिंडरची तपासणी-तारीख संपली म्हणून परत पाठवत होतीस, हे मला ताईने अभिमानाने सांगितलंय. तोच आवाज इथेही वापर. भाषा वेगळी असली तरी ठामपणा लोकांना बरोबर कळतो, आणि इथली माणसं थंडीत वाढलेली आहेत, कारण सांगितलंस तर ऐकतात.

आल्यावर दोन दिवस माझ्याकडे राहून मगच एडमंटनची बस धर. रुजू झालीस की पहिल्या आठवड्यात तुझ्या वाटणीच्या प्रत्येक स्टेशनवर ड्रायरची वही मागून घे. वही नसेल तर त्याच दिवशी सुरू कर. दवबिंदूचा पहिला आकडा घेतलास की मला कळव, आणि कोणत्या दाबाला मोजलास तेही लिही.

तुझी,
मावशी